आधी निळं, मग लाल

हत्तुरे मॅडम कुणाशी खोटं बोलल्या असं मला बावीस वर्षांत आठवत नाही. त्या खरंच बोलायच्या. फक्त ते खरं समोरच्याच्या उपयोगी पडेल ती वेळ टळून गेली की मग बोलायच्या. आमच्या कॉलेजात याला शिस्त म्हणत.

मी त्यांच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, अजून आहे. भट्टी लावायची, काचसामान मोजून ठेवायचं, नायट्रोजनचा सिलिंडर संपला की बोलणी खायची. तेव्हा मी जे सांगतोय ते बेसिनच्या बाजूनं पाहिलेलं आहे, व्यासपीठावरून नाही. व्यासपीठावरून त्यांच्याबद्दल पुष्कळ लोक पुष्कळ चांगलं बोलले आहेत.

बाई उंच, वाळक्या. अंगावर इरकली साडी, चष्म्याला काळी दोरी. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कानडी. बरोबर एक वाजता डबा उघडायच्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि खोलीचं दार सताड उघडं, जेवताजेवता कोण काय चुकतंय ते दिसलं पाहिजे म्हणून. डबा झाला की गावी आईला फोन. “ऊटा आतेनव्वा?” आई जेवली का, एवढंच विचारायच्या, पण आवाज इतका मऊ व्हायचा की नवीन विद्यार्थ्यांना वाटायचं, बाई आज खुशीत आहेत, सही मागून घ्यावी. मी खुणेनं नको नको म्हणायचो. तरी जायचे, आणि डोळे पुसत परत यायचे.

त्यांचा विषय कोळसा. शेगडीतला नव्हे, सक्रिय कोळसा. पाण्यातला रंग, वास, विष आपल्या अंगावर ओढून घेतो तो. घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्येही असतो. आमच्याकडे तो तुरीच्या वाळक्या तुराट्यांपासून करायचे, बाभळीपासून करायचे, डाळिंबाच्या सालींपासूनही करून झाला. बंद भांड्यात जाळायचा, वाफेनं किंवा रसायनानं त्याला आतून पोखरायचं. मग चिमूटभर कोळशाच्या आत इतकी भोकं तयार होतात की त्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर मैदान भरेल. कोळशावर काम करणारा कुणीही भेटला की तो या मैदानाचं कौतुक आधी सांगतो. मॅडमना त्याची भयंकर चीड होती.

एकदा पुण्याहून एक मोठे प्राध्यापक तोंडी परीक्षा घ्यायला आले होते. विद्यार्थ्याला बाजूला ठेवून त्यांनी स्वतःच्याच कोळशाचं मैदान किती मोठं हे सांगायला घेतलं. मॅडमनी त्यांना चहा संपेपर्यंत बोलू दिलं. मग कप बशीत ठेवत म्हणाल्या, “सर, मैदान कळलं. त्या मैदानात उभं कोण आहे?”

“म्हणजे?”

“तुमच्या कोळशाच्या अंगावर आम्लाचे गट आहेत की नाहीत? पाण्यात टाकल्यावर त्याचं अंग धन होतं की ऋण?”

प्राध्यापक म्हणाले, ते बघावं लागेल. मॅडम म्हणाल्या, “बघा. मग छापा.” तो विद्यार्थी पास झाला, पण प्राध्यापकांनी आमच्या कॉलेजचा जेवणाचा डबा घेतला नाही. मला त्या दिवशी दोन डबे मिळाले, म्हणून नीट लक्षात आहे.

बाई हुशार होत्या याबद्दल वादच नाही. त्या जे सांगायच्या ते मला, बारावी शिकलेल्या माणसालाही, समजायचं. सगळा कोळसा काळाच दिसतो. पण नायट्रिक आम्लात उकळला की त्याच्या भिंतींवर ऑक्सिजनचे गट धरतात. पाण्यात त्या गटांवर ऋण विद्युतभार येतो. मग धन रंग आला की त्याला घट्ट धरतात आणि ऋण रंग आला की दाराबाहेर ठेवतात. हाच कोळसा हवा न लागू देता, नायट्रोजनमध्ये खूप तापवला की ते गट उडून जातात. मग त्याचा स्वभाव उलटा होतो आणि ज्याला दाराबाहेर ठेवला त्यालाच तो घरात घेतो. भोकं तीच, मैदान तेच. हे सगळं त्यांनी मला एका दुपारी भट्टीपाशी उभ्या उभ्या समजावलं होतं, न चिडता. मी विद्यार्थी नव्हतो म्हणून. विद्यार्थ्यांना त्या काही सांगत नसत.

मंगळवेढ्याचा दत्ता म्हणून एक मुलगा होता, एम.एस्सी.चा. गरीब, कष्टाळू. सकाळी कोळसा ओव्हनमध्ये वाळवायचा, उघड्या बशीत टेबलावर ठेवायचा आणि दुपारी सावकाश वजनं करायचा. कोळसा हवेतलं पाणी पितो. दुपारपर्यंत त्याच्या वजनात कोळसा थोडा आणि दमटपणा जास्त. मॅडम त्या बशीच्या शेजारून रोज जायच्या. चार महिने तशाच जात राहिल्या. त्यानं सगळे आलेख काढले, रंगीत पेननं, आणि मॅडमच्या टेबलावर ठेवले. त्यांनी एकेक कागद उलटून नीट पाहिला.

“कोळसा वाळवला होतास?”

“व्हय मॅडम. रोज सकाळी वाळवायचो की.”

“आणि वजन?”

“दुपारी.”

“मग हे पाण्याचे आलेख आहेत,” मॅडम म्हणाल्या आणि कागद त्याच्याकडे सरकवले. “छान आलेत.”

त्यानंतर कॉलेज सोडेपर्यंत त्या त्याला ‘ओला’ म्हणत. “ओल्याला बोलवा, माने.” मीही जाऊन “अरे ओल्या, मॅडम बोलावतायत” म्हणायचो. सगळे हसायचे, मीसुद्धा. आता त्याचं मंगळवेढ्यात खतांचं दुकान आहे. मागे एस.टी. स्टँडवर भेटला तेव्हा चहा पाजून म्हणाला, “लई हुशार बाई, मामा. पर माणसाला चारचौघात उघडं पाडल्याबिगर तिला शिकवताच येत न्हाय.”

मी एकदा विचारलं होतं, मॅडम, आधीच सांगितलं असतं तर? त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, त्यांच्या स्वतःच्या गाईडनं त्यांना सगळी उत्तरं हातात दिली होती. परीक्षेत एकानं ‘का’ विचारलं आणि त्या दहा मिनिटं गप्प उभ्या राहिल्या. लोक खिडकीबाहेर बघत होते. “मी सांगितलेलं त्यांचं होत नाही, माने. हरल्यावर कळलेलं त्यांचं होतं.” मला तेव्हा हे फार थोर वाटलं. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.

मग श्रीलता आली.

श्रीलता येमूल सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरची. घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी. वडलांचं, तिच्या नानांचं, छोटं डाईंग होतं, टॉवेलचं सूत रंगवायचं. दोन हौद, एक बॉयलर, चार माणसं. सोलापुरी टॉवेल लाल असतो ना, तो बहुतेक अशाच एखाद्या हौदातून निघालेला असतो. त्या हौदाचं उरलेलं लाल पाणी नाल्यात जायचं आणि प्रदूषणवाल्यांनी नोटीस दिली होती. पाणी स्वच्छ करून सोडा, नाहीतर डाईंग बंद. दोन-अडीच वर्षांची मुदत मागून घेतली होती. पोरगी पीएच.डी.ला आली ती याच्यासाठी. पहिल्याच दिवशी लाल पाण्याचा कॅन घेऊन आली आणि टेबलावर ठेवला. “मॅडम, मला हे पाणी साफ करायचंय. तुराट्यांच्या कोळशानं.”

मॅडमनी कॅन उजेडात धरून पाहिला. “आधी निळं, मग लाल,” म्हणाल्या.

हे ‘निळं’ म्हणजे मिथिलीन ब्लू. आमच्या प्रयोगशाळेत त्याची एक मोठी तपकिरी बाटली आहे, पहिल्या विभागप्रमुखांनी आणलेली. आमच्याकडे कोळशावर काम करणारा प्रत्येक जण त्या निळ्यापासून सुरुवात करतो. का, हे कुणी विचारत नाही. खंडेनवमीला आम्ही पीएच मीटरला हार घालतो आणि त्या बाटलीला हळदकुंकू लावतो. निळा रंग कोळशानं ओढला की कोळसा पास. आता मिथिलीन ब्लू हा धन रंग. आणि सुताला लावायचे रंग ऋण. हे मॅडमना ठाऊक होतं, पुस्तकातही आहे. पण श्रीलताच्या आधी आलेल्या सगळ्यांनी निळ्यावरच काम करून पदव्या घेतल्या होत्या आणि त्यातल्या कुणाच्याच घरी लाल हौद नव्हता.

तिनं तुराट्यांचा कोळसा केला. नायट्रिकमध्ये उकळला, कारण आधीच्यांनी उकळला होता. निळ्या पाण्यात टाकला. पाणी असं स्वच्छ झालं की तिनं मला बोलावून दाखवलं. “मामा, बघा की, पिऊन टाकावं असं झालंय!” मॅडमनी आकडे पाहिले, सही केली. आणखी आम्ल, आणखी आकडे, आणखी सही. दोन वर्षं असं चाललं. लाल पाणी तपासते म्हणून तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, निळं पूर्ण होऊ दे.

तिनं शेवटी घरीच मोरीत करून पाहिलं. मगभर लाल पाणी, त्यात दोन मुठी कोळसा. रंग उतरला. दुसऱ्या दिवशी नाचत आली. मगभर पाण्यात दोन मुठी कोळसा टाकला तर कुठलाही रंग उतरतो हे मलासुद्धा कळत होतं. मॅडमनी ऐकून घेतलं. “उतरला? वा,” म्हणाल्या आणि चष्मा पुसायला घेतला.

इथं मला माझं सांगणं भाग आहे. श्रीलताला प्रवेश मिळाला त्याच महिन्यात मॅडमनी मला एकदा भट्टी लावायला सांगितली होती. तुराट्यांचाच कोळसा, आम्ल न लावलेला, नायट्रोजनमध्ये तापवलेला. मीच तापवला, मीच बाटलीत भरला, वर वजन लिहिलं. त्यांनी श्रीलताच्या कॅनमधलं लाल पाणी घेतलं, सूत रंगवताना घातलेला त्यातला सोडा आम्लाचे थेंब टाकून मारला, कोळसा घातला आणि दुसऱ्या दिवशी गाळून पाहिलं. पाणी पाण्यासारखं होतं. त्यांनी बाटलीवर चिठ्ठी लावली आणि ती कपाटात ठेवून कुलूप घातलं. मी काही बोललो नाही. मोठ्यांच्या कामात आपण कशाला तोंड घालायचं, असं म्हणालो स्वतःशी. दोन वर्षं म्हणत राहिलो.

मुदत संपत आली. प्रदूषणवाले पाहणीला येणार म्हणून येमूलनी अंगणात एक मोठा निळा पिंप उभा केला. खाली वाळू, वर श्रीलताचा कोळसा, तळाला नळ. मॅडमना खास रिक्षा पाठवून आणलं, सोबत मला. सकाळी अकराची वेळ. दोन साहेब खुर्च्यांवर, शेजारचे विणकर भिंतीवरून बघतायत, दारात रांगोळी. पोरीनं नवीन ड्रेस घातला होता.

वरून लाल पाणी ओतलं. खालून पहिला ग्लास आला, जवळजवळ पांढरा. टाळ्या पडल्या. येमूल पेढ्यांचा पुडा घेऊन आधी मॅडमकडे आले. “घ्या मॅडम, तुमच्यामुळंच हाय हे सगळं.”

मॅडमनी हात वर केला. “थांबा. पेढा नंतर.” आणि घड्याळात पाहिलं.

दुसरी बादली गुलाबी आली. तिसरी लाल. चौथी हौदातल्यासारखीच लाल. साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. येमूलनी नळ बंद केला, परत उघडला, जणू नळाचाच काही दोष असावा. श्रीलता पिंपाला हात लावून उभी होती.

मॅडम पुढं झाल्या. मला वाटलं, आता तरी काही चांगलं बोलतील, साहेबांना सांगतील की आणखी महिनाभर द्या, मार्ग आहे. त्यांनी पोरीला विचारलं, “येमूल, का?”

पोरीनं मान वर केली नाही.

“का? सांग. सगळे थांबलेत.”

मग ती सांगायला लागली, आधी पुटपुटत, मग स्पष्ट. रंग ऋण आहे. आम्लात उकळल्यामुळं कोळशाच्या अंगावर गट आले. या पाण्यात सोडा आहे, त्यामुळं ते गट जास्तच ऋण झाले. दोघं ऋण. कोळशानं रंगाला ढकललं. मिथिलीन ब्लू धन होतं म्हणून...

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या.

येमूलना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. पण ‘बरोबर’ कळलं. त्यांचा चेहरा असा फुलला की तो मला विसरता येत नाही. ते साहेबांकडे वळून म्हणाले, “बरोबर हाय म्हणत्यात साहेब! मॅडम सोताच म्हणल्या की!”

साहेबांनी कागद पुढे केला. आजपासून नाल्यात थेंब सोडायचा नाही. आठवड्यानं बॉयलरला सील लागलं.

दुसऱ्या दिवशी श्रीलता प्रयोगशाळेत आली. मॅडमनी तिला बसायला सांगितलं, कपाट उघडलं आणि ती बाटली तिच्यासमोर ठेवली. लपवायचं असतं तर मला समजलं असतं. पण त्या ती कौतुकानं दाखवत होत्या. चिठ्ठीवर दोन वर्षांपूर्वीची तारीख, खाली त्यांच्या नेटक्या अक्षरात ‘तुराटी, तापवलेला. लाल: स्वच्छ.’

श्रीलतानं चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. “मॅडम, तुम्हाला माहीत होतं?”

“मग! गाईड कशाला आहे मी?”

“सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर ते माझं काम झालं असतं. पदवी तुला हवी ना? आता हे तुझं आहे. काल तू जे बोललीस ते जन्मात विसरणार नाहीस.”

“पदवी मला पायजे होती मॅडम,” ती म्हणाली. “डाईंग नानांना पायजे होतं.”

मॅडमनी तिला भट्टीचं वेळापत्रक काढून दिलं. ती माझ्याकडे वळली, बाटलीवरचं माझं अक्षर तिनं ओळखलं होतं. वजन मीच लिहिलं होतं ना. त्यानंतर तिनं मला मामा म्हटलं नाही. “माने, सिलिंडर बदला,” एवढंच. मला त्याचं वाईट वाटतं हे सांगायचीही मला लाज वाटते.

तिनं प्रबंध तापवलेल्या कोळशावर लिहिला, आणि तो उत्तम झाला. मॅडम निवृत्त व्हायच्या आधी आलेला तो शेवटचा प्रबंध. पदवी मिळाली त्याच आठवड्यात ती हैदराबादला नोकरीला निघून गेली.

निवृत्तीच्या समारंभाला ती आली नाही. वडील आले. आता ते दुसऱ्याच्या मोठ्या डाईंगमध्ये हौदावर उभे असतात. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. मॅडमना कडक पण प्रेमळ असं चार जणांनी म्हटलं. मग येमूल मागच्या रांगेतून पिशवी सांभाळत वर चढले. पिशवीतून लाल टॉवेल काढला, चांगला जाड, पांढऱ्या काठाचा, आणि दोन्ही हातांनी मॅडमना दिला. “आमच्या पोरीला तुमी डॉक्टर केलं मॅडम. आमच्या घरचं हाय हे.” आणि वाकून नमस्कार केला. त्या बाटलीबद्दल त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. पोरीनंही नाही.

मॅडमनी टॉवेल उलटा करून पाहिला. टेबलावरच्या ग्लासात अंगठा बुडवला आणि टॉवेलच्या कडेवर घासला. अंगठा लाल झाला. समोर माइक चालू होता.

“रंग सुटतोय, येमूल. नीट धुतलेला नाही.”

सभागृह हसलं. टाळ्याही पडल्या, काय बाईंची नजर म्हणून. येमूलही हसले, हात जोडलेलेच. “व्हय मॅडम. त्या दिवशी साहेब लोकांनी पानी सोडू दिलं न्हाई की. हौदातलं सूत तसंच न धुता वाळवलं. आमच्या डाईंगचं शेवटचं सूत हुतं, म्हनून भावाकडनं इनून घेतलं, तुमच्यासाठी.” हे माइकपर्यंत पोचलं नाही. व्यासपीठाच्या कडेला मी नारळ धरून उभा होतो, मला ऐकू आलं. मॅडमनाही आलं.

त्यांनी टॉवेल साडीपासून लांब धरून माझ्या हातात दिला.

जिना उतरताना हार मी घेतले होते, टॉवेल काखेत. मॅडम पुढं चालत होत्या. मध्येच थांबल्या. “माने, त्या दिवशी म्हणजे कुठल्या?”

बावीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं. “तुम्ही अंगणात ‘का’ म्हणून विचारलंत, त्या दिवशी.”

त्या दोन पायऱ्या खाली गेल्या. अंगठा अजून लाल होता, तो त्यांनी रुमालाला पुसला आणि रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. मी वाट पाहत होतो. एक शब्द जरी बोलल्या असत्या तरी मी येमूलना जाऊन सांगितला असता, ते फाटकापाशीच उभे होते.

“पण उत्तर बरोबर दिलं हो पोरीनं,” मॅडम म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या. फाटकातून रिक्षा बाहेर पडताना येमूलनी पुन्हा हात जोडले.